ऑबर्नचा सामना ऑबर्नमध्ये: एका तटस्थ मैदानाचे प्रकरण

1948 ते 1988 या काळात ऑबर्न आणि अलाबामा या दोन विद्यापीठांचे फुटबॉल संघ दरवर्षी एकदा समोरासमोर आले, आणि त्यांचे हे सगळेच्या सगळे 41 सामने दोघांच्याही गावांबाहेर, बर्मिंगहॅम शहरातील लीजन फील्ड या एकाच मैदानावर झाले. कागदोपत्री एका वर्षी ऑबर्न यजमान असे आणि पुढच्या वर्षी अलाबामा. यजमान बदलला तरी मैदान तेच राहत असे आणि तिकिटे दोन्ही विद्यापीठांत निम्मी-निम्मी वाटली जात, त्यामुळे या जागेला तटस्थ म्हणण्याची पद्धत पडली. 1989 मध्ये ऑबर्नने आपल्या वाट्याचा सामना आपल्या गावी नेला. तोपर्यंत अलाबामाचा संघ ऑबर्न गावात एकदाही खेळायला आला नव्हता. हा बदल का मागितला गेला, त्याला कोणी आणि कोणत्या कारणांसाठी विरोध केला, आणि पुढे दहा-अकरा वर्षांत खुद्द अलाबामानेही तीच वाट का धरली, याचा विचार या लेखात केला आहे.

येथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा अमेरिकन खेळ. अलाबामा राज्यात फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलच्या देशपातळीवरील प्रमुख व्यावसायिक स्पर्धांपैकी एकाही स्पर्धेतला संघ नाही. त्यामुळे राज्याची सगळी निष्ठा या दोन विद्यापीठांत वाटली गेली आहे आणि तेथे माणसाला आपण कोणाचे हे लहानपणीच ठरवावे लागते. हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या या सामन्याला 'आयर्न बोल' म्हणतात, आणि ते नावही बर्मिंगहॅमच्या लोखंड-पोलाद उद्योगावरून पडले आहे. म्हणजे दोन विद्यापीठांच्या या सामन्याचे नावसुद्धा तिसऱ्याच गावाचे होते.

समेट आणि त्यातून आलेले मैदान

पहिला सामना 1893 मध्ये बर्मिंगहॅमलाच झाला आणि ऑबर्नने तो 32-22 असा जिंकला. 1907 चा सामना 6-6 असा बरोबरीत सुटला आणि त्यानंतर दोघांचे बिनसले. खेळाडूंच्या राहण्या-जेवण्याचा भत्ता किती असावा आणि पंच कोठून आणावा, असे वादाचे मुद्दे होते. भत्त्यातली तफावत एकूण 34 डॉलरची होती असे सांगतात. रक्कम खरोखर तेवढीच असेल किंवा नसेल, पण त्यानंतर दोन्ही संघ 41 वर्षे एकमेकांशी खेळले नाहीत. एकाच राज्यातील, एकाच सरकारच्या पैशावर चालणाऱ्या दोन संस्थांनी इतका काळ असा अबोला धरावा हे लोकांना खटकत होते. शेवटी 1947 मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहाने सामने पुन्हा सुरू करावेत असा ठराव केला, आणि पुढच्या वर्षी दोन्ही विद्यापीठांच्या अध्यक्षांनी, ऑबर्नचे राल्फ ड्रॉन आणि अलाबामाचे जॉन गॅलली यांनी, बोलणी करून तो प्रश्न मिटवला.

4 डिसेंबर 1948 रोजी सामन्याच्या दिवशी सकाळी दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका उद्यानात खड्डा खणून त्यात एक कुऱ्हाड पुरली. हे वैर संपल्याचे चिन्ह होते. त्याच दिवशी दुपारी अलाबामाने ऑबर्नचा 55-0 असा धुव्वा उडवला.

लीजन फील्ड निवडण्यामागे तेव्हा सरळ हिशेब होता. 1927 मध्ये 21 हजार आसनांनी सुरू झालेले हे महापालिकेचे प्रेक्षागार वाढत वाढत राज्यातले सर्वांत मोठे झाले होते. ऑबर्नकडे 1939 मध्ये बांधलेले जेमतेम साडेसात हजारांचे स्टेडियम होते. त्या गावात सामना घेतला असता तर निम्म्याहून जास्त राज्य बाहेरच उभे राहिले असते. त्या दिवसापुरता बर्मिंगहॅमचा निर्णय योग्यच होता, आणि तो दोन्ही बाजूंनी राजीखुशीने मान्य केलेला होता, हे ऑबर्नची बाजू घेणाऱ्यांनीही विसरू नये. मी स्वतः या प्रकरणात ऑबर्नच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच हे आधी नोंदवून ठेवतो.

तिकिटे निम्मी, मैदान कोणाचे

निम्मी तिकिटे वाटली म्हणजे मैदान तटस्थ झाले, हा समज या प्रकरणाच्या मुळाशी आहे, आणि तो तपासून पाहावा लागतो.

टस्कलूसा या अलाबामा विद्यापीठाच्या गावापासून बर्मिंगहॅम सुमारे 95 किलोमीटर आहे. ऑबर्नपासून ते सुमारे 175 किलोमीटर पडते. हा फरक मोठा असला तरी केवळ अंतरावरून वाद इतका वाढला नसता. खरी अडचण वेगळी होती. अलाबामाचा संघ वर्षातून एकदाच नव्हे तर अनेकदा लीजन फील्डवर खेळत असे. प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट यांच्या 1958 ते 1982 या काळात अलाबामाचे साधारण तीन घरचे सामने दर हंगामात टस्कलूसाऐवजी बर्मिंगहॅमला होत असत आणि त्यांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने प्रामुख्याने असत. 1970 मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ अलाबामाला हरवून गेला, तो गाजलेला सामनाही याच मैदानावर झाला. ब्रायंट यांनी प्रशिक्षक म्हणून 315 वा विजय मिळवून तेव्हाचा विक्रम मोडला, तोही 28 नोव्हेंबर 1981 रोजी इथेच, आणि समोर ऑबर्नच होते. ज्या मैदानावर एक संघ सप्टेंबरपासून येऊन-जाऊन राहतो, जिथली खेळाडूंची खोली, हिरवळ, वारा आणि संध्याकाळच्या उन्हाची तिरीप त्याच्या सवयीची झालेली असते, त्या मैदानावर दुसऱ्या संघाला नोव्हेंबरच्या शेवटी बोलावून निम्मी तिकिटे दिल्याने मैदान निम्मे त्याचे होत नाही.

ऑबर्नही काही सामने बर्मिंगहॅमला खेळत असे, आणि तेही स्वतःचे घरचे सामने म्हणून. ही बाब विरोधक नेहमी पुढे करत, आणि ती खोटी नव्हती. पण ऑबर्न हे सामने तिथे का खेळत असे, तेही पाहायला हवे. त्या संघाकडे पुरेसे मोठे मैदान नव्हते आणि मोठे प्रतिस्पर्धी त्याच्या गावी यायला तयार नव्हते. जॉर्जियाचा संघ ऑबर्नला पहिल्यांदा आला 1960 मध्ये, जॉर्जिया टेक 1970 मध्ये आणि टेनेसी 1974 मध्ये. प्रत्येक वेळी ऑबर्नने आधी स्टेडियम वाढवले, मग शेजाऱ्याला बोलावले, मग तो सामना कायमचा घरी आणला. हे काम शग जॉर्डन यांच्या प्रशिक्षकपदाच्या काळात, म्हणजे 1951 ते 1975 या वर्षांत, सावकाश आणि चिकाटीने झाले. त्या यादीत एकच नाव उरले होते.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. ऑबर्न हे मूळचे शेती आणि तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय. 1960 पर्यंत त्याचे अधिकृत नाव अलाबामा पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट असे होते. अलाबामाची माणसे त्याला 'गाईगुरांचे कॉलेज' म्हणून हिणवत आणि ब्रायंट यांच्यासारख्या मोठ्या माणसाच्या तोंडीही हा शब्दप्रयोग होता. आपल्याकडे 'शेतकी कॉलेज' हा शब्द ज्या सुरात उच्चारला जाई तो सूर आठवला तर त्यातला डंख कळेल. राज्याचा सर्वांत मोठा सामना त्या गावात भरवण्याच्या लायकीचे ते गाव नाही, असा या टोमण्याचा अर्थ होता, आणि म्हणून ऑबर्नच्या मागणीकडे केवळ खेळातला फायदा मिळवण्याची मागणी म्हणून पाहता येत नाही.

मैदानाने कौल एकाच बाजूला दिला असेही नाही. 1972 मध्ये अपराजित असलेल्या अलाबामाविरुद्ध अखेरच्या काही मिनिटांत लागोपाठ दोन वेळा लाथेने लांब मारायचा चेंडू अडवून आणि दोन्ही वेळा तो उचलून धावत नेऊन ऑबर्नने 17-16 असा विजय मिळवला, तो लीजन फील्डवरच. 1982 मध्ये ऑबर्नच्या बो जॅक्सनने समोर दाटलेल्या खेळाडूंच्या डोक्यावरून उडी घेऊन निर्णायक गुण मिळवले आणि सलग नऊ पराभवांची मालिका 23-22 ने तोडली, तेही तिथेच. ऑबर्नच्या वृद्ध समर्थकांच्या लाडक्या आठवणी त्याच सिमेंटच्या पायऱ्यांवरच्या आहेत. तरीही 41 सामन्यांचा हिशेब अलाबामा 26, ऑबर्न 15 असा होता. हा फरक मैदानामुळे पडला असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण त्यातली बरीच वर्षे अलाबामाचा संघच देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी होता. ऑबर्नची मागणी न्याय्य ठरवण्यासाठी या आकड्यांची गरजही नाही.

मागणी

1981 मध्ये पॅट डाय ऑबर्नचे प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक झाले. ते स्वतः जॉर्जिया विद्यापीठाचे माजी खेळाडू होते आणि त्याआधी नऊ वर्षे ब्रायंट यांच्याच हाताखाली अलाबामामध्ये सहायक प्रशिक्षक होते. त्यामुळे समोरचा माणूस काय विचार करेल हे त्यांना आतून ठाऊक होते. डाय पुढे अनेकदा एक आठवण सांगत असत. पद हाती घेतल्यावर ब्रायंट त्यांना भेटले तेव्हा, तुम्हाला तो सामना ऑबर्नला न्यायचा असणार, हा विषय ब्रायंट यांनीच काढला. डाय यांनी होकार दिला. आपण प्रशिक्षक असेपर्यंत तसे होणार नाही, असे ब्रायंट म्हणाले. त्यावर डाय यांचे उत्तर होते की तुम्ही काही कायम प्रशिक्षक राहणार नाही. मग ब्रायंट यांनी बर्मिंगहॅमशी 1988 पर्यंत करार असल्याचे दाखवून दिले, आणि डाय यांनी सांगितले की मग 1989 चा सामना ऑबर्नला होईल. ही आठवण एकाच बाजूने सांगितलेली आहे, पण तारखा मात्र तशाच घडल्या. ब्रायंट 1982 च्या हंगामानंतर निवृत्त झाले आणि जानेवारी 1983 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जागी आलेल्या रे पर्किन्स यांनी, अलाबामाचा संघ ऑबर्नला जाऊन खेळणे कधीच घडणार नाही, असे जाहीरपणे सांगितले. अलाबामाच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे तीन होते. चाळीस वर्षांची परंपरा मोडू नये. सामना दोघांचा असल्याने प्रेक्षकही निम्मे-निम्मेच असावेत, कारण अर्धे स्टेडियम अलाबामाच्या रंगात किरमिजी आणि अर्धे ऑबर्नच्या रंगांत नारिंगी-निळे अशा दृश्याचे देशात फारसे जोड नव्हते. आणि शहराला दिलेला शब्द पाळला पाहिजे. यातला दुसरा मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. दोन्ही बाजू सारख्या संख्येने बसल्या असल्या की प्रत्येक चालीवर मैदानाचा एक अर्धा भाग उसळतो आणि दुसरा अर्धा गप्प होतो. ते घरच्या मैदानावर पुन्हा कधी पाहायला मिळत नाही.

डाय यांनी मात्र शब्दांपेक्षा सिमेंटवर भर दिला. ऑबर्नच्या स्टेडियमला, ज्याचे नाव 1973 पासून जॉर्डन-हेअर आहे, 1980 मध्ये पश्चिमेला वरचा मजला चढवून क्षमता 72 हजारांवर नेली होती. 1987 मध्ये पूर्वेलाही तसाच मजला झाला आणि क्षमता 85,214 झाली. लीजन फील्ड तेव्हा सुमारे 75 हजारांचे होते. 1948 मध्ये ज्या कारणासाठी बर्मिंगहॅम निवडले ते कारणच त्या दिवशी संपले. आता लहान मैदानावर, शिवाय निम्म्या तिकिटांसह, घरचा सामना खेळणे म्हणजे यजमानाने आपल्या हाताने आपलेच नुकसान करून घेणे होते.

हे नुकसान कसे होते ते थोडे उलगडून सांगायला हवे, कारण अमेरिकन विद्यापीठांच्या खेळाचे अर्थकारण आपल्या ओळखीचे नाही. तिथे बहुतेक चांगल्या जागा संपूर्ण हंगामाच्या तिकिटांतून विकल्या जातात आणि कोणाला कुठली जागा मिळेल हे त्याने विद्यापीठाच्या क्रीडा निधीला किती देणगी दिली यावर बरेचसे ठरते. हंगामाच्या घरच्या सामन्यांत सर्वांत मोठा सामना असेल तर संपूर्ण हंगामाचे तिकीट घ्यायला लोक रांग लावतात. तो सामना वगळलेला असेल तर त्याच तिकिटाची ओढ कमी होते. ऑबर्नला दर दोन वर्षांतून एकदा आपल्या तिकिटांच्या माळेत हा मणी ओवता येणार होता, आणि वरच्या मजल्यांच्या बांधकामाचा खर्च त्यातून भरून निघणार होता. त्याशिवाय ऑबर्नमध्ये शिकणाऱ्या मुलांना हा सामना आपल्या वसतिगृहापासून चालत जाऊन पाहता यावा, ही अगदी साधी अपेक्षाही होती. चार वर्षे शिकून बाहेर पडलेल्या ऑबर्नच्या अनेक पिढ्यांनी आपल्या गावात हा सामना कधीच पाहिला नव्हता.

पर्किन्स 1986 अखेरीस अलाबामा सोडून गेले आणि त्यांच्यानंतर क्रीडा संचालकपदी आलेल्या स्टीव्ह स्लोन यांच्या काळात तडजोड झाली. 1989 चा सामना ऑबर्नला होईल, 1991 चा ऑबर्नच्या यजमानपदाचा सामना एकदा पुन्हा बर्मिंगहॅमला होईल, आणि 1993 पासून ऑबर्नचे सगळे सामने ऑबर्नलाच होतील, असे ठरले. 1991 चा तो एक सामना शहराचे मन राखण्यासाठी दिला गेला.

2 डिसेंबर 1989

खेळाडूंचे तेव्हाचे वसतिगृह ते स्टेडियम हे अंतर डोनाह्यू ड्राइव्ह या रस्त्याने पायी काही मिनिटांचे होते. सामन्यापूर्वी सगळा संघ या रस्त्याने चालत जातो आणि दुतर्फा लोक उभे राहतात. याला 'टायगर वॉक' म्हणतात, आणि ही चाल 1960 च्या दशकात आपोआप रुळली. त्या सकाळी रस्त्यावर सुमारे 20 हजार लोक असल्याचा अंदाज होता. रस्ता असा उरलाच नव्हता. माणसांच्या दोन भिंतींमधून एकामागे एक जाण्यापुरती फट राहिली होती. लोक हात पुढे करून खेळाडूंच्या खांद्यांना, पाठीला नुसता स्पर्श करत होते, आणि कोट घातलेले वयस्क गृहस्थ उघडपणे रडत होते. डाय यांनी नंतर त्या दृश्याची तुलना बर्लिनच्या भिंतीशी केली, जी अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी कोसळली होती. एका खेळाच्या सामन्यासाठी ही तुलना फार मोठी आहे, असे कोणी म्हणेल. पण ती तुलना करणारा माणूस त्या फटीतून चालत गेला होता, आणि त्या लोकांनी चाळीस वर्षे वाट पाहिली होती, म्हणून मी ती जशी आहे तशी मान्य करतो.

अलाबामाचा संघ त्या दिवशी अपराजित होता आणि देशात दुसऱ्या क्रमांकावर होता. मध्यंतराला तो 10-7 असा पुढे होता. उत्तरार्धात ऑबर्नने 27-10 अशी आघाडी घेतली, अलाबामाने ती 27-20 पर्यंत खाली आणली, आणि शेवटी ऑबर्नने 30-20 असा विजय मिळवला. प्रेक्षकसंख्या 85,319 होती. दोन्ही संघ आणि टेनेसी त्या वर्षी दक्षिणपूर्व परिषदेचे, म्हणजे हे संघ ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतात त्या गटाचे, संयुक्त विजेते ठरले. 1972 चा लीजन फील्डवरचा तो चमत्कारही 2 डिसेंबरलाच घडला होता. या दोन दिवसांत बरोबर सतरा वर्षांचे अंतर पडले.

त्यानंतर 1993, 1995 आणि 1997 असे घरचे पुढचे तिन्ही सामने ऑबर्नने जिंकले. अलाबामाला जॉर्डन-हेअरमध्ये पहिला विजय मिळाला 1999 मध्ये, 28-17 असा. उलट 1990 ते 1998 या काळात लीजन फील्डवर झालेले सहाच्या सहा सामने अलाबामाने जिंकले, त्यात 1991 चा तो सौजन्याचा सामनाही आला. 'मैदानाने काही फरक पडत नाही' असे म्हणणाऱ्यांना त्या दशकाने फारशी जागा ठेवली नाही. लीजन फील्डवरचा एकूण हिशेब अखेर अलाबामा 32, ऑबर्न 15 असा थांबला.

शहराचे काय झाले

या प्रकरणात ज्याचे खरोखर नुकसान झाले तो पक्ष म्हणजे बर्मिंगहॅम शहर, आणि त्याच्याबद्दल सहानुभूतीने लिहायला हवे. लीजन फील्डच्या दर्शनी भागावर 'दक्षिणेची फुटबॉल राजधानी' असे अभिमानाने लिहिलेले होते. शहराच्या पश्चिमेकडील ज्या वस्तीत हे स्टेडियम आहे तिथल्या घरांची अंगणे सामन्याच्या दिवशी मोटारी लावायला भाड्याने दिली जात आणि हॉटेले भरून जात. पोलाद कारखाने मंदावत चाललेल्या शहराला वर्षातले असे मोजके दिवस महत्त्वाचे होते.

शहराने प्रतिसाद म्हणून स्टेडियम वाढवले आणि 1991 मध्ये क्षमता 83,091 झाली. 1992 आणि 1993 मध्ये दक्षिणपूर्व परिषदेचा अंतिम सामना इथे झाला, पण 1994 पासून तो अटलांटाच्या बंद छताच्या मैदानात गेला. 1996 च्या ऑलिंपिकमधील फुटबॉलचे, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाचे, काही सामने इथे झाले आणि अमेरिका विरुद्ध अर्जेंटिना या लढतीला 83,810 प्रेक्षक आले. जागा भरण्याची ताकद शहरात होती. परंतु स्वतःचा संघ नसलेल्या शहराची ही ताकद दुसऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून होती.

मग 1998 मध्ये अलाबामाने टस्कलूसातील आपले ब्रायंट-डेनी स्टेडियम वाढवून 83,818 आसनांचे केले. लीजन फील्डपेक्षा ते 727 आसनांनी मोठे झाले. त्याच वर्षी लीजन फील्डवरचा शेवटचा आयर्न बोल झाला, आणि 2000 मध्ये अलाबामाने आपला सामना टस्कलूसाला नेला. 1901 नंतर हा सामना त्या गावी पहिल्यांदाच होत होता. तो ऑबर्नने 9-0 असा जिंकला. परंपरा, निम्मे प्रेक्षक आणि शहराला दिलेला शब्द हे 1980 च्या दशकातले तिन्ही मुद्दे होते तसेच होते, पण ते मांडणाऱ्याचे स्वतःचे मैदान मोठे झाल्यावर त्यांचे वजन उरले नाही. यासाठी मी अलाबामाला दोष देत नाही, कारण त्या विद्यापीठाने जे केले ते योग्यच केले. ऑबर्नने अकरा वर्षे आधी केले तेही तितकेच योग्य होते, एवढेच यातून दिसते.

अलाबामाने बर्मिंगहॅमला इतर घरचे सामने काही काळ चालू ठेवले. त्यांतला अखेरचा 30 ऑगस्ट 2003 रोजी साउथ फ्लोरिडाविरुद्ध झाला आणि अलाबामाने तो 40-17 असा जिंकला. पुढच्या वर्षी स्टेडियमचा वरचा मजला कमकुवत असल्याचे आढळले आणि 2005 मध्ये तो उतरवण्यात आला.

डॅलसमध्ये का टिकले

सामने तटस्थ मैदानावर टिकतच नाहीत असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. टेक्सस आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठे 1929 पासून दरवर्षी डॅलस शहरात खेळतात. तिथेही तिकिटे निम्मी असतात आणि मैदानाच्या मधोमध रंग बदलतो. फरक असा की ऑस्टिन आणि नॉर्मन ही दोन्ही गावे डॅलसपासून साधारण सारख्याच, सुमारे 300 किलोमीटर अंतरावर आहेत, आणि कॉटन बोल या मैदानावर दोघांपैकी कोणीही हंगामभर आपले घरचे सामने खेळत नाही. ते मैदान दोघांनाही वर्षातून एकदाच भेटते, तेही राज्याच्या जत्रेच्या दिवसांत, त्यामुळे दोघेही तिथे पाहुणेच असतात. फ्लोरिडा आणि जॉर्जिया यांचा जॅक्सनव्हिलमधला सामना याच्या मधोमध बसतो. अंतर जॉर्जियाला बरेच जास्त पडते, शहर फ्लोरिडा राज्यातच आहे, आणि तरीही तो 1933 पासून बहुतेक वर्षे तिथेच झाला आहे. त्यावर कुरबुर होतेच, विशेषतः नव्या खेळाडूंना आपले गाव आणि गर्दी दाखवायची संधी यजमानाला मिळत नाही यावरून, पण शहराकडून मिळणारा पैसा आणि फ्लोरिडाचा संघ तिथे इतर घरचे सामने नियमित खेळत नाही ही वस्तुस्थिती तो सामना धरून ठेवते.

आपल्याकडचा एक अनुभव या संदर्भात उपयोगी पडेल. 2016-17 च्या हंगामात क्रिकेट मंडळाने रणजी करंडकाचे सगळे सामने तटस्थ मैदानांवर घेतले. घरचे संघ आपल्याला हव्या तशा खेळपट्ट्या करून घेतात, ही तक्रार त्यामागे होती. महाराष्ट्र आणि दिल्ली तेव्हा मुंबईत वानखेडेवर खेळले आणि स्वप्निल गुगळे व अंकित बावणे यांनी 594 धावांची अखंड भागीदारी केली. गुगळेने 351 आणि बावणेने 258 धावा केल्या, दोघेही नाबाद. महाराष्ट्राच्या क्रिकेटमधला हा एवढा मोठा दिवस महाराष्ट्र संघाच्या घरी, गहुंजेला, कोणाला पाहता आला नाही. पुढच्याच हंगामात मंडळाने जुनी यजमान-पाहुणा पद्धत परत आणली. खेळपट्टीच्या तक्रारीवर तटस्थ मैदान हा उपाय होऊ शकतो. पण त्यासाठी संघाला आपल्या माणसांपासून तोडावे लागते, आणि ही किंमत हिशेबात धरली जात नाही.

लीजन फील्ड आज

2021 मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुमारे 47 हजार आसनांचे नवे प्रोटेक्टिव्ह स्टेडियम सुरू झाले आणि शहरातल्या विद्यापीठाचा संघ, जो 1991 पासून लीजन फील्डवर खेळत होता, तिकडे गेला. जुने मैदान मात्र रिकामे पडलेले नाही. दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे अलाबामा स्टेट आणि अलाबामा ए अँड एम या दोन ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांचा 'मॅजिक सिटी क्लासिक' हा सामना भरतो. अलाबामा स्टेट दक्षिणेला माँटगोमेरीत आहे, अलाबामा ए अँड एम उत्तरेला हंट्सव्हिलजवळ, आणि बर्मिंगहॅम दोघांपासून साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर, जवळजवळ मधोमध येते. दोघांचीही आपापल्या गावी स्वतःची मैदाने आहेत आणि हंगामातले घरचे सामने ते तिथेच खेळतात. सामन्याच्या सकाळी शहरातून दोन्ही विद्यापीठांच्या वाद्यवृंदांची मिरवणूक निघते, स्टेडियमच्या भोवती आदल्या दिवसांपासूनच तंबू पडतात आणि चुली पेटतात, आणि त्या वस्तीतली अंगणे पुन्हा मोटारींनी भरतात.